जीभ टाळ्याला, ओठ मिटलेले, दात सुटे: पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

क्लिपा लावून दात सरळ केले, दीड-दोन वर्षं तारा सांभाळल्या, आणि मग रिटेनरचा, म्हणजे क्लिपा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायच्या उपकरणाचा, कंटाळा केला तर पटाशीचे दात परत पुढं यायला लागले, असं सांगणारं कोणतरी तुमच्या ओळखीत असणारच. अशा वेळी डॉक्टर आधी रिटेनरवरनं बोलणी ऐकवतात आणि मग म्हणतात, जरा आवंढा गिळून दाखवा बरं. आता आवंढा काय गिळून दाखवायचा असतो का, जन्मापासून गिळतोय की. पण तिथंच बऱ्याच जणांचं कळतं की गिळताना जीभ वर जायच्या ऐवजी समोरच्या दातांना ढकलतेय. याला डॉक्टर लोक टंग थ्रस्ट म्हणतात.

माझ्या भाचीच्या ट्रीटमेंटच्या निमित्तानं हे सगळं आमच्या घरात आलं, मी काही डॉक्टर नाही. तिच्या बरोबर बसून शिकताना घरातल्या मोठ्यांनाही प्रश्न पडायला लागले, जीभ नक्की कुठं ठेवायची, दात चिकटवायचे का नाही, किती जोर लावायचा, पोरांना कधी सांगायचं. तर ते सगळं ओळीनं लिहिते.

आधी एक हिशोब

बहुतेक जण थेट गिळण्यावर उडी मारतात, पण गिळणं दोन नंबरला. लाळ दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर तयार होते, ती कुठंतरी जायला पाहिजे म्हणून आपण जेवण-पाणी सोडूनसुद्धा दिवसभरात शेकडो वेळा गिळत असतो. पण एका वेळी जीभ दाताला रेटते ती जेमतेम सेकंदभर. हजार वेळा गिळलं असं धरा, हजार सेकंद होतात, म्हणजे सतरा मिनिटंसुद्धा नाहीत. बाकीच्या वेळात बोलणं-खाणं सोडलं तर जीभ नुसती पडून असते. विल्यम प्रॉफिट नावाच्या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टनं, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरनं, १९७८ साली हाच मुद्दा मांडला होता, की दाताची जागा ठरवायला क्षणभराचा जोराचा दाब कामाचा नाही, तासन्‌तास चालणारा हलका दाब कामाचा. आतनं जीभ, बाहेरनं ओठ आणि गाल, यांच्या मधे दात उभे असतात. त्यामुळं जीभ रिकामी असताना कुठं विसावते हे आधी, गिळणं नंतर.

अजून एक गोष्ट डॉक्टरांकडनं कळली ती मला फार पटली. पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतच नसतील, मधे फट राहत असेल, ज्याला ओपन बाइट म्हणतात, तर तिथं जीभ फटीत जाते ती कधी कधी फट बुजवायलाच. गिळताना तोंड पुढनं बंद व्हावं लागतं, दात बंद करत नसतील तर जीभ करते. म्हणजे जिभेमुळं फट का फटीमुळं जीभ, हे घरी बसून ठरत नाही. हे अशासाठी सांगतेय की पोरगं जीभ बाहेर काढतंय म्हणून त्याला ओरडून उपयोग नसतो.

स्वतःची तपासणी, आरशासमोर

उजेडात आरसा घ्या. सगळ्यात आधी काही न करता बघा, ओठ आपोआप मिटलेले आहेत का मिटायला हनुवटी आवळावी लागतेय. हनुवटीवर खळगे खळगे पडत असतील तर ओठ जोर लावून मिटताय. मग तोंड हळूच उघडा आणि जीभ कुठं होती ते आठवा, खालच्या दातामागं पडलेली, दोन्ही दातांच्या मधे, का वर टाळ्याला. जिभेच्या कडांवर दाताचे ठसे, नागमोडी कड दिसत असेल तर जीभ दातावर दाबून राहते किंवा तुम्ही दात आवळून बसता, दोन्हीपैकी काहीही असू शकतं, नुसत्या ठशांवरनं निकाल लावू नका.

आता गिळायची तपासणी. तोंडात पाण्याचा छोटा घोट घ्या, बोटानं खालचा ओठ हलका खाली ओढून धरा आणि गिळा. नीट गिळणाऱ्याला हे जमतं, दात जवळ येतात आणि जीभ दिसत नाही. जीभ दातांच्या फटीतनं बाहेर डोकावली, पाणी बाहेर आलं, किंवा ओठ सोडल्याशिवाय गिळताच आलं नाही, तर सवय पुढं ढकलायची आहे असं समजा. शर्टावर पाणी सांडतंच, त्यामुळं ऑफिसला जायच्या आधी करू नका.

पहिलं काम नाकाचं

नाक चोंदलेलं असेल तर जीभ वर राहूच शकत नाही, तोंडानं श्वास घ्यायचा म्हणजे जीभ खाली पडणार, हे साधं आहे आणि तरी सगळे इथंच चुकतात, नाक बंद असताना जिभेचे व्यायाम करत बसतात आणि आठ दिवसांत सोडून देतात. तोंडानं श्वास घेतला की लाळ वाळते, आणि लाळ हीच दाताची पहारेकरी आहे, ती आम्ल पातळ करते, खाल्लेलं धुऊन नेते. म्हणून तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांना सकाळी घसा कोरडा, तोंडाला वास, पुढच्या हिरड्या लाल आणि सुजलेल्या, दात किडायचा धोका जास्त, असं सगळं एकत्र येतं.

तपासायची सोपी पद्धत अशी, तोंडात एक घोट पाणी धरून ओठ मिटा आणि दोन-तीन मिनिटं फक्त नाकानं श्वास घ्या, बसल्या बसल्या. आरामात जमलं तर पुढं चला. गुदमरायला झालं तर पाणी थुंका आणि आधी नाकाचा बंदोबस्त करा. आपल्याकडं सांगलीत ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर धूळ असते, हळदीच्या बाजारात काम करणाऱ्यांना तर शिंकांचं काय सांगायचं, त्यात सर्दी-अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं अंगावर काढायची सवय. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, जलनेती म्हणतात ती, बऱ्याच जणांना आराम देते, पण पाणी उकळून गार केलेलंच पाहिजे, नळाचं थेट अजिबात नको. नाकाचं हाड वाकडं असेल, पोराचे अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) किंवा टॉन्सिल वाढलेले असतील तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जावंच लागतं. नाकात मारायचे चोंदणं काढणारे थेंब मेडिकलमधनं आणून रोज रोज वापरू नका, थोड्या दिवसांनी त्यांच्यामुळंच नाक जास्त चोंदायला लागतं.

जिभेच्या शेंड्याची जागा

इथं आपल्या बाराखडीचा उपयोग होतो. त म्हणा. जिभेचं टोक दाताला लागलं ना, ती जागा नको. आता ट म्हणा, टोक मागं वळून टाळ्याला लागलं, ती पण नको. आता ल म्हणा आणि ल्‌ वरच थांबा. वरच्या पटाशीच्या दातांमागं हिरडीचा जो उंचवटा आहे तिथं टोक टेकलेलं असेल. जिभेनं चाचपून बघितलं तर दोन मधल्या दातांच्या बरोब्बर मागं एक छोटासा फुगीर ठिपका लागतो आणि त्याच्या मागं आडव्या वळ्या वळ्या. टोक त्या ठिपक्यावर किंवा किंचित मागं, दाताला न लागता. झालं.

न म्हणून पण जमतं, फक्त काही जणांची जीभ न म्हणताना दातालाच टेकते, त्यांनी ल वरच राहावं. न ची गंमत अशी की न्‌न्‌न्‌ असा आवाज धरून ओठ मिटले तरी आवाज चालू राहतो कारण तो नाकातनं येतो. म्हणजे जागा पण सापडते आणि नाक मोकळं आहे का तेही कळतं.

उरलेली जीभ वर न्यायची कशी

टोक वर आणि बाकी जीभ खाली लोंबकळतेय, अशी अर्धी पोजिशन बऱ्याच जणांची होते. मधला आणि मागचा भाग पण टाळ्याला अलगद टेकायला पाहिजे. मागचा भाग कळण्यासाठी अंगण म्हणायला सुरुवात करा आणि ग यायच्या आधीच थांबा. त्या अनुनासिकावर जीभ मागनं वर गेलेली असते. आता ते धरून टोक ल च्या जागेवर टेकवा. पहिल्यांदा करताना हसू येतं, घरात कोणी बघत नसताना करा.

मधला भाग चिकटवायला जीभ सपाट करून टाळ्याला लावा आणि थोडी हवा आत ओढा, मोबाइल होल्डरचा रबरी कप काचेला चिकटतो तशी जीभ वर बसते. मग टॉक असा आवाज करून सोडा. बैल हाकताना काही जण तोंडानं काढतात ना, तसला मोठा आवाज. हे टॉक हळूहळू, स्वच्छ, आठ-दहा वेळा. नंतर आवाज न करता जीभ तशीच चिकटवून ठेवायची आणि तोंड हळूहळू उघडायचं, जिभेखालची दोरी ताणलेली जाणवेल, दुखेल इतकं ताणायचं नाही. टोक वर जातच नसेल, किंवा जीभ बाहेर काढल्यावर शेंड्याला मधोमध खाच पडून बदामासारखा आकार दिसत असेल, तर जिभेखालची ती दोरी आखूड असू शकते, टंग टाय म्हणतात. ते व्यायामानं सुटत नाही, डॉक्टरांना दाखवा, आणि प्रत्येकालाच कापावं लागतं असंही नाही.

आता जोराचं. दाबायचं नाही. परत एकदा, दाबायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून पोरं टाळ्याला जीभ रेटून रेटून बसतात आणि संध्याकाळी जबडा दुखतो, डोकं दुखतं, कानापाशी कट् कट् आवाज यायला लागतो. ही विश्रांतीची जागा आहे, व्यायाम नाही. जीभ दमली तर तुम्ही जोर लावताय. श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज आला तर जीभ मागं खेचली गेलीय, थोडी पुढं आणा.

दात आणि ओठ

दात सुटे ठेवायचे. पुष्कळ जणांना वाटतं तोंड मिटलं की दात पण एकमेकांवर बसलेले पाहिजेत. नाही. विश्रांतीला वरच्या-खालच्या दातांमधे दोन-तीन मिलिमीटर अंतर राहणं हेच नॉर्मल. दात भिडतात ते चावताना आणि गिळताना, तेवढंच. परीक्षेचं टेन्शन, ट्रॅफिक, मार्चअखेरचं काम, अशा वेळी दात आवळून बसायची सवय असेल तर ती मोडायला पण ही पोजिशन कामाला येते, कारण जीभ वर ठेवून दात सुटे ठेवले की जबड्याचे स्नायू आपोआप सैल पडतात. ओठ हलके मिटलेले, जोर नाही, हनुवटी सपाट.

लक्षात कसं ठेवायचं

सगळ्यात अवघड हे आहे. रोज सकाळी वीस मिनिटं व्यायाम कुणीही करेल, पण दिवसभर जीभ वर राहतेय का हे कोण बघणार. म्हणून रोजच्या गोष्टींना बांधून टाका. कॉलेज कॉर्नरला सिग्नल लागला की बघायचं, जीभ कुठंय. मोबाइल अनलॉक केला की बघायचं. सांगली-मिरज रोडला रोज ये-जा करणाऱ्यांना तर एवढे सिग्नल आणि स्पीडब्रेकर आहेत की तेवढ्यावर भागेल. भाचीनं कंपासपेटीच्या झाकणाला आतनं एक टिकली चिकटवली होती, टिकली दिसली की जीभ वर. तिची आज्जी मात्र आपल्या पद्धतीनं, लांबनंच, अगं तोंड मीट की, माशी जाईल. ते पण रिमाइंडरच.

पहिले काही दिवस आठवण आली की जीभ खालीच सापडते. सापडली की वर न्यायची, एवढंच काम. सवय पक्की व्हायला आठवडे नाही, महिने लागतात. रिझल्ट बघायला रोज सेल्फी काढू नका.

आता गिळणं

जीभ जागेवर राहायला लागल्यावरच याला हात घाला. आधी नुसती थुंकी. टोक ल च्या जागेवर, दाढा हलक्या जुळलेल्या, ओठ मिटलेले पण सैल. मग जीभ पुढनं मागं अशी टाळ्यावर दाबत न्यायची, टोक जागचं हलवायचं नाही, आणि गिळायचं. जोर वर आणि मागं लागला पाहिजे, पुढं नाही. आरशात बघा, ओठ आवळले जातायत का, गाल आत ओढले जातायत का, मान पुढं झुकतेय का. नीट गिळणाऱ्याचा चेहरा हलत नाही, फक्त गळ्याची घाटी वर-खाली होते. गालावर दोन्ही बाजूला दाढांपाशी बोटं ठेवली तर स्नायू किंचित फुगलेला लागतो, तो लागला म्हणजे दाढा जुळल्या.

यासाठी एक सोपं साधन आपल्या घरात कायम असतं, चिरमुरा. भडंगाचा नको, तिखट-तेलाचा असतो आणि एक खाल्ला की पुढचं सगळं पाकीट संपतं, साधा कोरडा चिरमुरा घ्या. जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा, वर नेऊन त्या ठिपक्यावर दाबून धरायचा, दाढा जुळवायच्या, ओठ थोडे उघडे ठेवून थुंकी गिळायची. चिरमुरा जागेवर राहिला तर जीभ जागेवर राहिली. पडला किंवा दातावर येऊन चिकटला तर टोक पुढं सरकलं. मऊ झाला की खाऊन टाका, दुसरा घ्या. तासगावचा बेदाणा पण चालला असता पण तो गोड आणि चिकट, परत परत दातामागं धरून ठेवला तर कीड लागायची, म्हणून चिरमुराच बरा. लहान पोरांच्या हातात मात्र हे देऊ नका, चार-पाच वर्षांच्या आतल्यांना ठसका लागून श्वासनळीत जायची भीती असते, त्यापेक्षा मोठ्यांना पण कोणीतरी समोर बसूनच करू द्या.

थुंकी जमली की पाण्याचे छोटे घोट. पाणी जिभेच्या मधोमध घ्यायचं, टोक वर, आणि एकेक घोट. तांब्या वर धरून घटाघटा ओतून पिणाऱ्यांना हे जमत नाही कारण त्यात जीभ खालीच ठेवावी लागते, प्रॅक्टिसपुरतं तरी पेल्याला तोंड लावून प्या. त्यानंतर मऊ खाणं, दहीभात, केळं, खिचडी. दहीभात उत्तम, कारण तो जिभेवर गोळा होऊन बसतो. शेवटी कोरडं, भाकरी, शेंगदाणे, चिवडा. भाकरी नीट चावून तिचा एक गोळा जिभेवर जमल्यावरच गिळायची. पुढं ढकलायची सवय असणाऱ्यांच्या पुढच्या दातांवर आणि ओठांत अन्न राहतं, ते कमी व्हायला लागलं की समजायचं काम होतंय.

एका जेवणात पहिले चार-पाच घास लक्ष देऊन, बाकी नेहमीसारखं जेवा. सगळं जेवण जीभ जीभ करत बसलात तर आमटी गार होते आणि घरचे वैतागतात. बोलत बोलत प्रॅक्टिस करू नका. गिळताना श्वास क्षणभर थांबतो आणि श्वासनळीवर झाकण पडतं, त्या वेळी हसलं-बोललं की ठसका.

लहान पोरांचं वेगळं

तान्हं बाळ दूध पिताना जीभ पुढं काढूनच पितं, ते बरोबर आहे, त्याला तेच पाहिजे. दात आले, चावून खायला लागलं की पद्धत हळूहळू बदलते आणि ही बदलाबदल सहा वर्षांच्या बऱ्याच मुलांतही चालूच असते. त्यात सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडतात, खिंडार पडतं आणि जीभ त्यातनं बाहेर येते, स ला थ सारखं काहीतरी बोलतात, ते दात आल्यावर बहुतेकांचं आपोआप जातं. त्यामुळं चार वर्षांच्या पोराला धरून व्यायाम करायला लावू नका.

लक्ष द्यायचं ते या गोष्टींवर. अंगठा चोखायची सवय पक्के दात यायला लागले तरी चालू आहे, मोठं झालं तरी दुधाची बाटली तोंडात धरून झोपतंय, रोज रात्री घोरतंय, तोंड कायम उघडं, डोळ्याखाली काळं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो. यातलं काही असेल तर वाट बघू नका. सात वर्षांच्या आसपास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवून ठेवलेलं चांगलं, क्लिपा लावायलाच असं नाही, जबडा कसा वाढतोय ते बघायला. टाळू अरुंद असेल तर वाढीच्या वयात तो उपकरणानं रुंद करता येतो, कारण टाळूच्या मधली शिवण तेव्हा जुळून घट्ट झालेली नसते. नंतर ते अवघड होत जातं. जिभेची सवय मोडायला वरच्या पुढच्या दातांमागं तारेची जाळी बसवतात ती पण असते, क्रिब म्हणतात, ती दिसायला भयंकर पण पोरं आठवडाभरात विसरतात. ती काढल्यावर जीभ परत खाली येऊ नये म्हणून वर लिहिलेलं सगळं लागतंच.

पोराला चारचौघांत तोंड मिट म्हणून टोकू नका. घरातली खूण ठरवा, नाकाला बोट लावणं किंवा काहीही, पाहुण्यांसमोर तेवढं पुरतं.

जॉलाइनवाल्यांसाठी थोडक्यात

म्यूइंग म्हणून जे चाललंय, जीभ टाळ्याला लावली की चेहरा कोरीव होतो, ते नाव जॉन म्यू आणि माइक म्यू या ब्रिटिश बाप-लेक ऑर्थोडॉन्टिस्टवरनं आलंय. जीभ कुठं ठेवायची हा भाग बऱ्यापैकी जुनाच आहे, अमेरिकेतले अल्फ्रेड रॉजर्स १९१८ सालीच तोंडाच्या स्नायूंच्या व्यायामावर लिहीत होते. पण मोठ्या माणसाचं हाड जिभेनं सरकून जबडा नवीन होतो याला भरवशाचा पुरावा नाही, अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सनंपण हेच सांगितलंय. फोटोत आधी-नंतर दिसतं ते मान ताठ केली, लाइट बदलला, वजन उतरलं. जिममधल्या पोरांनो, तोंड मिटून नाकानं श्वास घ्या, दातांना फायदा होईल, जबड्याच्या नावानं रबरी गोळे चावत बसू नका, सांधा दुखायला लागतो.

वाकडे दात पण नुसत्या जिभेनं सरळ होत नाहीत. जिभेच्या सवयीनं फायदा होतो तो क्लिपांच्या बरोबर आणि नंतर दात जागेवर राहायला. रिटेनर सांगितलाय तोपर्यंत घालायचाच, जीभ सुधारली म्हणून रिटेनर डब्यात टाकायचा नाही.

रात्रीचं

झोपेत जीभ कुठं जाते यावर आपला ताबा नाही, दिवसा सवय लागली की थोडाफार फरक पडतो. कुशीवर झोपलं तर पाठीवर झोपण्यापेक्षा तोंड कमी उघडतं. तोंडाला टेप लावून झोपायची फॅशन आलीय, नाक चोंदलेलं असेल, झोपेत श्वास अडकत असेल, दारू घेतली असेल किंवा लहान मूल असेल तर ते धोक्याचं आहे, करू नका. मोठ्यानं घोरणं, मधेच श्वास थांबून दचकून जाग येणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी, हे स्लीप अ‍ॅप्निया असू शकतं. जीभ-घशाच्या व्यायामानं तो काहींचा थोडा कमी होतो असं अभ्यासात दिसलंय, पण म्हणून डॉक्टरांनी दिलेलं श्वासाचं मशीन बंद करायचं नाही.

मावा खाणाऱ्यांनी हे वाचाच

आपल्या भागात हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मावा (तंबाखू-सुपारीचा), गुटखा, नुसती सुपारी, काहीही रोज तोंडात असेल आणि तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तिखट खाल्लं की आग होत असेल, जीभ बाहेर काढायला त्रास होत असेल, गाल आतनं पांढरट आणि कडक लागत असेल, तर तो जिभेच्या सवयीचा विषय नाही. सुपारीनं तोंडाची आतली त्वचा आखडत जाते, सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातनं कॅन्सर होऊ शकतो. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर या आठवड्यात दाखवा आणि सुपारी आजच बंद. दोन-तीन आठवडे बरा न होणारा कुठलाही फोड किंवा पांढरा-लाल चट्टा, तोही लगेच.

कुणाकडं जायचं

जेवताना रोज ठसका लागतो, घास घशात अडकतो, पाणी नाकातनं येतं, आवाज जेवल्यावर बदलतो, वजन उतरतंय, किंवा पॅरालिसिसच्या झटक्यानंतर गिळताना त्रास आहे, अशांनी वरचे कुठलेच व्यायाम स्वतःच्या मनानं करायचे नाहीत, आधी डॉक्टर. अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर सरळ इमर्जन्सीत, तिथं अपॉइंटमेंट बघत बसायचं नसतं.

बाकीच्यांसाठी सांगलीकरांची सोय चांगली आहे. दोन डेंटल कॉलेजं आहेत, भारती विद्यापीठाचं सांगलीत आणि वसंतदादा पाटलांच्या नावाचं कवलापूरला, दोन्हीकडं ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे. नाक-घशासाठी मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, खाजगी डॉक्टर तर मिरजेत गल्लीगल्लीत. उच्चाराचा प्रश्न असेल तर स्पीच थेरपिस्ट लागतो, जिभेचे व्यायाम नीट बसवून घेणारे पण तेच किंवा ऑर्थोडॉन्टिस्ट. क्रम मात्र आधी नाक, मग दात, मग व्यायाम.

जाताना तीन गोष्टी न्या. पोराचा झोपेतला एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ, आवाजासकट, कारण डॉक्टरांसमोर कुठलंच पोरगं घोरत नाही. आधीचे एक्सरे किंवा दाताचे साचे असतील तर ते. आणि घरी केलेल्या तपासणीत काय दिसलं ते, कागदावर दोन ओळीत, म्हणजे आत गेल्यावर आठवत बसायला नको. तिथं गेल्यावर विचारायचं, जीभ पुढं येतेय ती फटीमुळं का फट जिभेमुळं, नाकाचं काही आहे का, आणि आत्ता व्यायाम सुरू करायचे का क्लिपांच्या बरोबर.